रेबेकाची वेगळी खोली

शेवगावच्या त्या दवाखान्यात डायलिसिसला आडवं झालं, की भागूबाईचा हात मशीनला आणि डोळे काचेपलीकडं. काचेपलीकडं छोटी खोली, तिथं एकच पलंग, एकच मशीन, खिडकी, वर पंखा. आणि त्या पलंगावर ऐसपैस पडलेली रेबेका! भागूबाईच्या वाट्याला मात्र संडासाच्या दारालगतची जागा. दोघी एकाच गावच्या, एकाच वडाप जीपमधनं यायच्या, आणि इथं असा भेद? भागूबाईचा नुसता जळफळाट व्हायचा.

मशीन लागलं की पहिल्या तासात सगळे पेशंट डबे उघडायचे. एरवी डॉक्टरांनी बंद केलेलं केळं, टोमॅटो तेवढ्या वेळात खपून जातं म्हणे. मग ह्याचा घास त्याला, त्याचा ह्याला. रेबेका तेवढी आत, दार लावून. ‘शिष्ट मेली,’ भागूबाई पुटपुटायची.

त्या दिवशी तिनं अश्विनी सिस्टरला धरलंच. “म्होरल्या वेळी मला आतली खोली पायजे. माझा बी हक्क हाय.”

“मावशी, ते जमायचं नाही.”

“का?”

“दुसऱ्या पेशंटचं मला सांगता येत नाही. नियमच आहे तसा.”

“नियम? किती खाल्लेस गं तिच्याकडनं?”

झालं! भागूबाईच्या तोंडाचा पट्टा सुटला. ट्रस्टींना बोलवा, ह्या पोरीला घालवा, म्हणत तिनं सगळा वॉर्ड पेटवला. शेजारच्या पलंगावरचे वाल्मिक मास्तरही म्हणाले, “चौकशी झालीच पाहिजे.” अश्विनीचे डोळे भरले, पण ती मान खाली घालून मशीनचे आकडे लिहीत राहिली.

तेवढ्यात काचेचं दार उघडलं. हातावरची पट्टी दाबत रेबेका उभी.

“सिस्टरला कशाला बोलता? मला ‘हिपॅटायटिस बी’ हाय, रक्तातनं पसरनारी कावीळ. म्हनून मशीन येगळी, खोली येगळी. झालं समाधान?”

मास्तरांच्या शाळेतल्या सगळ्या शिक्षकांना जेवणाचे डबे रेबेकाच द्यायची. मास्तर खाकरले. “रेबेकाबाई, उद्यापासनं... डबे नकोत.”

“अहो, जेवणातून नाही पसरत ती!” अश्विनी ओरडलीच. मास्तरांनी भिंतीकडं तोंड फिरवलं.

हातातल्या सुया निघाल्या तशी भागूबाई धडपडत बाहेर गेली. रेबेका पायरीवर बसली होती.

“रेबेका, माझ्या जिभेला हाड न्हाई बघ. तुझ्यावर जळून जळून मी हे काय करून बसले!”

“आक्का, डायलिसिस फुकट हाय. पन यायचं भाडं त्या डब्यांवर निघायचं. आता शुक्रवारी मी यायचं कशानं?”

“मी देते की भाडं!”

“किती दिस?” रेबेकानं वर पाहिलं. “आपल्याला हे मरेपर्यंत हाय.”

जीपवाला हॉर्न मारत होता. भागूबाईनं तोंड उघडलं, पण ‘मरेपर्यंत देईन’ असं काही तिच्यानं म्हणवेना.