खटक्यावरची रबरी पट्टी

मी झुडपांची कुंपणं छाटणारा पेट्रोलचा ट्रिमर बोलतोय. बोलतोय खरा, पण मान खाली घालून. दातेरी पाती, छोटंसं इंजिन आणि मुठीत एक खटका, एवढाच माझा पसारा. खटका दाबला की पाती धावतात, सोडला की इंजिन नुसतं गुरगुरतं आणि पाती थांबतात. या गुणाचा मला भारी तोरा होता.

मला माळीबुवांनी विकत आणलं. बुवा तोंडाने फटकळ, पण कामाला नेटके. पेट्रोलमध्ये तेल मापून घालायचे, चष्मा आणि जाड मोजे घातल्याशिवाय मला हात लावायचे नाहीत. कुंपणाच्या बाजू आधी, खालून वर छाटायच्या, माथा शेवटी. मागून त्यांची बायको, काकू, फांद्या गोळा करायच्या. पात्यांत काडी अडकली की काकू हात वर करायच्या, बुवा खटका सोडायचे आणि काकू काडी ओढून काढायच्या. इंजिन मात्र कोणी बंद करत नसे, कारण तापलेला असताना एकदा बंद पडलो की सुरू करायची दोरी कितीही ओढली तरी मी लवकर सुरू होत नसे. नखरे माझेच! दहा वर्षं असंच चाललं.

मग बुवांचं बोट आखडायला लागलं. एका सकाळी दवाखान्याच्या आवारात त्यांनी मला सुरू केलं आणि सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी घेऊन खटका दाबलेलाच बांधून टाकला.

"घे, आता पळ हवं तेवढं," मला म्हणाले आणि स्वतःच्या डोक्यावर खूश झाले. काकूंना सांगायचं मात्र राहून गेलं.

थोड्या वेळाने जाड फांदी अडकली. पाती थबकली, आवाज दबला. काकूंनी हात वर केला. बुवांनी सवयीने बोट सैल सोडलं. काकूंनी फांदी ओढली आणि मी उसळलो.

काकूंची दोन बोटं गेली. दवाखाना दहा पावलांवर असूनही ती जोडता आली नाहीत.

"मशीनच बिघडलं होतं," बुवा सगळ्यांना सांगत राहिले. मला त्यांनी शेडच्या कोपऱ्यात टाकलं. माझ्यावर खोटा आळ आला याचं मला काही नाही. त्या वर केलेल्या हाताला मी थांबलो नाही, याची लाज मला आजही वाटते.

काही महिन्यांनी काकू फावडं शोधायला आल्या आणि त्यांना पट्टी दिसली. त्यांनी बुवांना हाक मारली.

"अहो, हे काय?"

बुवांची मान वर होईना. "बोट दुखत होतं गं."

"मग मला सांगायचं तरी."

त्या गाठ सोडायला लागल्या. ती सुटेना. बुवा पुढे आले, तशा म्हणाल्या, "राहू द्या. मीच सोडवते." आणि त्यांनी ती दातांनी सोडवली.

आता आम्ही पुन्हा कामावर जातो. काकूंचा तोच हात वर होतो, तीन बोटांचा. बुवा खटका सोडतात, इंजिन पूर्ण बंद करतात, मला जमिनीवर ठेवतात आणि दोन्ही रिकामे हात काकूंना दाखवतात. मगच त्या पुढे येतात. नंतर बुवांना पंधरा-पंधरा वेळा दोरी ओढावी लागते, पण हल्ली ते मला एकही शिवी देत नाहीत.

माझ्यासारखं यंत्र तुमच्या घरी असेल, तर माझे नखरे सहन करा, पण माझा खटका बांधू नका. मला थांबता येऊ द्या.