पप्पांच्या तोंडात चिक्की

समाधान शिरसाट खडकीच्या फॅक्टरीत तपासनीस होता. दिवसभर मालाला गेज लावायचं आणि केसभर फरक पडला तरी नग बाजूला काढायचा, हे त्याचं काम. घरी आल्यावरही या गृहस्थाच्या हातातलं गेज काही सुटत नसे. दीपालीच्या चपात्या, शेजाऱ्यांचं पार्किंग आणि मुलीच्या सॉफ्टबॉलचे अंपायर, सगळेच त्याच्याकडे नापास होत.

बाकीचं एक वेळ चाललं असतं, पण गेल्या महिन्यात त्याने हद्द केली. तेरा वर्षांची पायल सेकंड बेसवर उभी होती. चेंडू उंच उडाला आणि समाधानच्या अंगातलं क्रिकेट जागं झालं. कॅच होईपर्यंत क्रॉस करून घ्यायचं, ही त्याची कॉलनीतल्या ग्राउंडवरची तीस वर्षांची सवय. "पायल, पळ! क्रॉस कर!" असं तो बोंबलला आणि पोरगी बिचारी बापाचं ऐकून पळाली. सॉफ्टबॉलमध्ये मात्र कॅच होईपर्यंत बेस सोडायचा नसतो. आधी निघालं तर परत जावं लागतं. पायल परत पोचायच्या आत चेंडू बेसवर पोचला. ती बाद झाली आणि सामनाही गेला. वर समाधान अंपायर कल्याणी मॅडमशी वीस मिनिटं भांडला.

"आपण नियम वाचलेत का?" मॅडमनी विचारलं.

"मी तीस वर्षं खेळतोय."

"हो, दिसतंय. दुसरंच काहीतरी."

त्या दिवशी पायलने अट घातली. यापुढे सामन्यात पप्पांच्या तोंडून एक शब्द जरी निघाला, तरी त्यांनी पुन्हा मैदानावर यायचं नाही. समाधानला ते फार लागलं. त्याने गुपचूप नियमांचं पुस्तक मिळवलं आणि पेन्सिलने खुणा करत दोनदा वाचून काढलं. आता ज्ञान होतं, पण ते पाजळायची सोय नव्हती.

आज उपांत्य सामना होता. निघताना दीपालीने त्याच्या हातात शेंगदाण्याच्या चिक्कीचं पाकीट ठेवलं. "अहो, बोलावंसं वाटलं की एक तुकडा तोंडात टाका."

शेवटचा डाव येईपर्यंत पाकीट रिकामं झालं होतं. पायलचा संघ पाच-चारने पुढे होता आणि चेंडू टाकायला पायलच होती. समोरच्या संघाची एक मुलगी बाद झालेली, दुसरी थर्ड बेसवर. तेवढ्यात फटका उंच गेला आणि लांबवर कॅच झाला. थर्ड बेसवरची मुलगी सुसाट होमला पोचली. पाच-पाच. तिकडच्या पालकांनी मैदान डोक्यावर घेतलं.

समाधानने मात्र पाहिलं होतं. कॅच व्हायच्या आधीच तिचा पाय सुटला होता, तोही चांगला हातभर. मॅडमनीही ते पाहिलं असणार. पण इथे अंपायर आपणहून बोलत नाही. पुढचा चेंडू टाकायच्या आत कुणीतरी चेंडू घेऊन त्या बेसवर जायचं आणि दाद मागायची, तरच निकाल. एकदा चेंडू टाकला की विषय संपला.

आणि पायल तर पुढचा चेंडू टाकायला उभी राहिली होती.

समाधानने पाकीट चाचपलं, भुगासुद्धा नव्हता. त्याने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले, कारण हातांचाही भरवसा नव्हता. बोललो तर सामना मिळेल, पण पोरीचा शब्द मोडेल. त्याला अक्षरशः रडू यायला लागलं. तो थर्ड बेसकडे नुसता बघत बसला.

चेंडू टाकण्याआधी पायलने सवयीने बापाच्या तोंडाकडे एक नजर टाकली. ते बंद होतं. ती वळली, पुन्हा त्याच्याकडे बघून थबकली, आणि चेंडू घेऊन चालत थर्ड बेसवर गेली.

"मॅडम, अपील. रनर लवकर निघाली."

"आउट," मॅडम म्हणाल्या, जणू इतका वेळ त्याचीच वाट बघत होत्या. कॅच धरून ही तिसरी बाद, म्हणजे डाव संपला; धाव रद्द, सामना पायलचा. समोरचे एक वडील तावातावाने आत शिरले. "आपण नियम वाचलेत का?" मॅडमनी त्यांना विचारलं. समाधानने शरमून खाली पाहिलं.

स्कूटरजवळ त्याने धीर केला. "आता बोलू?"

"बोला."

"तुला दिसलं होतं?"

"कुठे? सगळे होमकडे बघून ओरडत होते. तुम्ही एकटेच थर्ड बेसकडे बघत होतात, फॅक्टरीत खराब नग सापडल्यासारखे." पायलने हेल्मेट चढवलं. "रविवारी फायनल आहे. येताना चिक्कीची दोन पाकिटं घ्या."