नेहमीप्रमाणे

“पण हे ‘नेहमीप्रमाणे’ म्हणजे कुणाच्या नेहमीप्रमाणे?” कोटवाल्या बाईंनी पडद्यावरची नजर न काढता विचारलं.

ताई त्यांच्या मागे स्टुलावर बसल्या होत्या, ओठ घट्ट मिटून. समोरचा माणूस कितीही अडला तरी आपण बोलायचं नाही, फक्त बघायचं, हा त्यांचा स्वतःचाच नियम होता.

पडद्यावर ‘बेत’चं पहिलं पान उघडलेलं होतं. गिऱ्हाइकाची मापं टाकली की कापडावर कापायचे तुकडे आखून देणारा हा प्रोग्राम. फुकट, आणि ज्याला हवा त्याने आतून उघडून बदलावा असा खुला. जगभरातली हौशी मंडळी रिकाम्या वेळात तो सांभाळत होती. कोट शिवणाऱ्या बाईंना तो हवा होता, कारण त्यांचे गुडघे बोलायला लागले होते आणि जमिनीवर बसून कागद आखणं आता जमत नव्हतं.

प्रोग्राम कॉम्प्युटरवर कसा चढवायचा, ते पानावर लिहिलेलं होतं : ‘सर्वप्रथम सोर्स उतरवून घ्यावा व नेहमीप्रमाणे बिल्ड करावा. हे अगदी सोपे आहे.’

बाईंनी ते पुन्हा वाचलं. माउस इकडेतिकडे फिरवला. मग चष्मा काढला आणि लॅपटॉप हळूच मिटला, झोपलेल्या लेकराच्या खोलीचं दार लोटावं तसा.

“जाऊ द्या हो. माझंच डोकं जड झालंय आता. तुम्ही मात्र उगाच इतक्या लांब आलात.”

आणि त्या लगेच कात्री घेऊन टेबलाशी उभ्या राहिल्या. ताईंना वाईट वाटलं नाही, राग आला. प्रोग्रामवर चिडायचं सोडून ही बाई स्वतःला दोष देत होती.

ताईंनी उभी हयात पंखे, पंप आणि कपडे धुण्याच्या मशीनच्या माहितीपुस्तिका लिहिण्यात घालवली होती. पुस्तिका कुणी आरामखुर्चीत बसून वाचत नाही, हे त्या पुरतं ओळखून होत्या. वाचणाऱ्याच्या एका हातात स्क्रू असतो, दुसऱ्या हाताने पान दाबून धरलेलं असतं आणि आतल्या खोलीतून कुणीतरी “झालं का?” म्हणून ओरडत असतं. कंपनीने पुस्तिका छापणं बंद केलं तेव्हा ताई घरी बसल्या आणि महिनाभरात कंटाळल्या. ‘बेत’च्या मंडळींना लिहिणारं माणूस हवं होतं. प्रोग्राम लिहिणारे पुष्कळ होते, त्याच्याबद्दल लिहिणारं कुणी नव्हतं. म्हणजे एक होते. सर.

‘बेत’ सरांनीच सुरू केला होता. पहिलं पानही त्यांचंच होतं आणि त्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती.

त्या आठवड्याच्या ऑनलाइन बैठकीत ताईंनी सरळ विषय काढला. “पहिलं पान बदलायला हवं, सर.”

“का? चूक आहे का काही?”

“चूक नाही. एकही चूक नाही. पण नवीन माणूस तिथूनच परत जातो.”

“ज्याला खरी गरज आहे तो शिकतो.” सर शांतपणे म्हणाले. “आम्हाला कुणी बोट धरून शिकवलं नव्हतं.”

“म्हणून तर तुम्ही मोजकेच राहिलात.”

पडद्यावरच्या चौकटींमधल्या एकदोघांनी खाली बघितलं. ताईंनी माइक बंद केला नाही, की हसून सावरून घेतलं नाही. एकाने मध्यममार्ग सुचवला. नवशिक्यांसाठी वेगळं पान करू, कोपऱ्यात कुठेतरी त्याचा दुवा देऊ.

“मागच्या दाराने यायला सांगायचं त्यांना? नको,” ताई म्हणाल्या. “मी पुढचं दार उघडायचं म्हणतेय.”

विषय तिथेच थांबला. त्यानंतर थोड्याच दिवसांत सरांना अर्धांगाचा झटका आला आणि सगळंच थांबलं.

कितीतरी महिन्यांनी ताईंना काकूंचा, म्हणजे सरांच्या बायकोचा, फोन आला. “तुम्हाला बोलावलंय. कशासाठी ते सांगत नाहीत. आजाराने हात गेला, स्वभाव काही गेला नाही हो.”

खोलीत खिडकीपाशी काकूंचं शिलाई मशीन होतं. भिंतीवरच्या खिळ्यांना कागदी मापांचे गठ्ठे टांगलेले, गळे, बाह्या, मुंढे. सर टेबलाशी बसले होते. उजवा हात मांडीवर, कुणाची तरी वस्तू सांभाळायला घेतल्यासारखा.

“जुना कॉम्प्युटर गेला,” ते म्हणाले. शब्द सावकाश येत होते, पण येत होते. “हा नवा. ‘बेत’ चढवायचाय.”

ताईंनी खुर्ची पुढे ओढली. “त्यात काय, मी देते करून.”

“नको. तू मागे बस. तुझी ती पद्धत आहे ना, तोंड मिटून बसायची? तशी बस.”

ताई मागे बसल्या. सरांनी डाव्या हाताने पान उघडलं, आपणच लिहिलेलं. पहिली ओळ मोठ्याने वाचली. ‘नेहमीप्रमाणे’पाशी आले आणि थांबले. पुन्हा वाचली. डावा हात कीबोर्डवर नुसताच फिरत राहिला. ताईंनी पदराचं टोक मुठीत धरलं.

“गंमत बघ,” सर शेवटी म्हणाले. “प्रोग्राममधली ओळ न् ओळ आजही सांगतो तुला. पण या पायऱ्या आठवत नाहीत. त्या डोक्यात कधी नव्हत्याच बहुतेक. हातात होत्या.” त्यांनी मांडीवरच्या हाताकडे पाहिलं.

मशीनपाशी बसलेल्या काकूंनी तोंडातल्या टाचण्या काढून उशीत खोचल्या. “मीही तिथेच अडकले होते.”

सरांनी मान वळवली. “तू? कधी?”

“अगदी सुरुवातीला. आल्यागेल्याला सांगत होतात ना, हिच्यासाठी केलंय म्हणून. तुम्ही कामावर गेल्यावर एका दुपारी बसले हौसेने.”

“मग मला विचारायचंस!”

“विचारणार होते. पण पुढे तुम्हीच लिहिलं होतंत, हे अगदी सोपे आहे.” काकू कापड सारखं करत राहिल्या. “सोपं असून जमत नाही, हे कोणत्या तोंडाने सांगायचं?”

सरांचे डोळे भिंतीवरच्या कागदी मापांवरून फिरत होते. एवढी वर्षं ती तिथेच टांगलेली होती.

“पुसून टाक ते पान,” सर म्हणाले.

“पुसायचं कशाला?” ताई उठून पुढे आल्या. “जाणकारांना ते लागेलच. ते आत जाईल. पुढचं आपण नव्याने लिहू. काकू, इकडे या. तुम्ही बसा खुर्चीत. मनात येईल ते मोठ्याने बोलायचं, अगदी शिवी आली तरी.”

“शिव्या ह्यांच्यादेखत?” काकू म्हणाल्या, पण पदर खोचून आल्या.

मग ते रोजचंच झालं. काकू म्हणायच्या, “खाली उतरलं म्हणे. कुठे उतरलं? मला तर दिसत नाही.” त्यावर ताईंचं एक वाक्य तयार व्हायचं. टर्मिनल म्हणजे त्यांना बसस्टँड वाटला होता; ती आज्ञा टाइप करायची खिडकी, हाही खुलासा पानावर आला. सर अडून बसायचे. एवढं सगळं लिहायचं म्हणजे लोकांना खुळं समजणं झालं, म्हणायचे. “समजू देत खुळं,” काकू म्हणायच्या, “पण पुढे तर जाऊ देत.” ‘सोपे’, ‘फक्त’, ‘अर्थातच’ हे शब्द ताईंनी तण उपटावं तसे उपटले. प्रत्येक पायरीखाली, बरोबर झालं तर पडद्यावर काय दिसेल, ते लिहिलं. काही चुकल्याची लाल अक्षरं येतात त्या जागी सर स्वतःच म्हणाले, “लिही. घाबरू नका. तुमचा कॉम्प्युटर बिघडलेला नाही.”

वेबसाइट उघडली की आधी चौकोन आणि बाणांची एक मोठी आकृती यायची. ती काढून तिथे काकूंनी कापलेल्या बाहीचा फोटो लावला. खाली ताईंनी लिहिलं होतं, ‘कोणताही प्रश्न बावळट नसतो.’

“बावळट शब्दच कशाला?” काकू म्हणाल्या. “मनात नसलेलं मनात येतं.”

तो शब्द गेला. ‘अडलात तर इथे विचारा. माणूस उत्तर देईल’ एवढंच राहिलं.

बैठकीत ताईंनी नवं पान मांडलं तेव्हा सगळ्यांनी आधी सरांच्या चौकटीकडे पाहिलं. सर म्हणाले, “मी वापरून पाहिलंय. मला जमलं.” त्यापुढे चर्चेला काही उरलं नाही.

ताई पुन्हा कोटवाल्या बाईंकडे गेल्या. या वेळी बाई न बोलता एकेक पायरी करत गेल्या, आणि दुपार कलायच्या आत पडद्यावर कोटाची कॉलर उभी राहिली. बाईंनी ती निरखली आणि नाक मुरडलं. “हे काय? वळण पार चुकलंय. कुणी केलंय हे? सांगा त्याला, कॉलर अशी बसत नसते.”

ताई परत येताना रस्ताभर हसत होत्या. बाई आता प्रोग्रामला नावं ठेवत होत्या.

हळूहळू नवी माणसं यायला लागली. शिवणारी, शिकवणारी, नाटकाचे कपडे करणारी. सरांना आता फार वेळ प्रोग्राम लिहिणं झेपत नव्हतं. ते काम त्यांनी हळूहळू इतरांकडे सोपवलं, कुठलीही घोषणा न करता.

एका सकाळी प्रश्नांच्या पानावर कुणीतरी लिहिलं, ‘मी नवीन आहे. बाहीचा तुकडा दिसतच नाही. माझं काय चुकलं?’ उत्तर ताईंना ठाऊक होतं. त्या वेळी जागे असलेल्या सगळ्यांनाच ठाऊक होतं. पण प्रश्नाच्या खाली बारीक अक्षरांत उमटलं : ‘सर लिहीत आहेत.’

ती अक्षरं गेली. पुन्हा आली. पुन्हा गेली. मधे कुणीही काही लिहिलं नाही.

मग उत्तर आलं. ‘तुमचं काही चुकलं नाही.’

आणि खाली परत ती बारीक अक्षरं आली. सर लिहीत होते.