पाचवी पुंगळी

रविवारच्या स्पर्धेत पाच गोळ्या झाडायच्या होत्या, आणि क्लॅरी व्हेनिंगकडे लायक पुंगळ्या होत्या चार.

चारच! अहो, बादलीभर पितळ होतं त्या माणसाच्या घरात. झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी उचलायची, साफसूफ करून तिच्यात ठिणगी पाडणारी नवी टोपी, नवी दारू, नवी गोळी भरायची आणि पुन्हा वापरायची, हा आमच्या वॅरिगलमध्ये निम्म्या गावाचा उद्योग. बाकीचे लोक चहा उकळेस्तोवर उरकतात. क्लॅरीनं मात्र त्याचं सोवळं करून ठेवलं होतं. पुंगळी घासायची, मान शेकायची, साच्यात दाबायची, लांबी कापायची, मान गोल फिरवून तासायची, बुडातला टोपीचा खड्डा सपाट करायचा, ठिणगीच्या भोकाच्या कडा कोरून साफ करायच्या, आणि एवढं सोसून जी उरेल तिला वजनकाट्यावर घालायची. दर पायरीला काहीजणी नापास. ह्याचं नाक नकटं, त्याचा पगार कमी असं करत करत एखाद्या बापानं मुलगी चाळिशीला आणावी, तसं झालं.

नापास पुंगळ्या बिस्किटांच्या डब्यांत भरून धुलाईच्या खोलीतल्या फळीवर ठेवलेल्या. दर दोषाला वेगळा डबा. त्या फळीखाली वॉशिंग मशीन, आणि मशीनपुढं क्लॅरीची बायको डल्सी, तोंडात कपड्यांचे चिमटे धरून.

"एक कमी पडतेय," क्लॅरी म्हणाला.

डल्सीनं चिमटे काढले. "वर तीन हजार आहेत."

"त्या नापास आहेत गं."

"मग एकीला माफ कर! तू काय पोप आहेस?"

तर मुद्दा नुसत्या एका पुंगळीचा नव्हता. पाचशे यार्डांवर एक कागद, कागदाच्या मधोमध छापलेली माशी, तिच्यावर पाच गोळ्या: ही आमची वार्षिक माशीची स्पर्धा. क्लॅरी काउन्सिलच्या ग्रेडरवर रस्ते सपाट करून निवृत्त झाला, तेव्हापासून नेमबाजीच्या क्लबातल्या सात नंबरच्या बाकावर दर शनिवारी बसायचा. स्पर्धा आली की म्हणायचा, पितळ अजून तयार नाही. अध्यक्ष मर्व हॉकली शेजारी आठ नंबरला. तो एकदा वैतागून म्हणाला, "गड्या, इतकी वर्षं इथं माश्या मारत बसलास, पण एक माशी मारली नाहीस!" आणि यंदा त्यानं फळ्यावर नियमच लिहिला: स्पर्धेत कागदावर ज्याचा स्वतःचा एक तरी छेद नसेल, त्याचं बाक जाणार. नवी माणसं रांगेत उभी होती.

"बाक गेलं तर शनिवारी मी जाऊ कुठं?" क्लॅरीनं विचारलं तेव्हा त्याचा आवाज खरंच बारीक झाला होता. डल्सीला त्याचं वाईट वाटलं. आणि तो शनिवारीसुद्धा धुलाईच्या खोलीत बसेल, हेही तिच्या लक्षात आलं.

म्हणून दोघांनी डबे खाली काढले. कुठला गुन्हा सगळ्यात लहान, ह्याचा खटला सुरू झाला.

"ह्या?"

"तडा गेलेल्या. हात लावू नको, बंदूक तोंडावर फुटेल."

"ह्या?"

"लांबी वाढलेल्या. त्यांनाही माफी नाही."

"बरं. ह्या?"

"मान एका बाजूला जाड." क्लॅरीनं डोळे मिटून घेतले. "नको. झोप लागणार नाही मला."

शेवटी त्यानं मर्वला फोन लावला. अभिमान गिळून लावला, हे सांगायलाच हवं. मर्व स्वतः पुंगळी चड्डीला पुसून भरणारा माणूस.

"तडा नाही ना? लांबी बरोबर? साच्यातून काढलीस?" मर्व म्हणाला. "मग भर की! बाकी सगळं तुझ्या डोक्यातलं खूळ आहे. तासायचं तर ते तास."

डल्सीनं मग शेवटच्या डब्यातून एक उचलली. तिचा गुन्हा काय, तर चौघींपेक्षा वजन केसभर जास्त.

"मला सांग, पाचशे यार्डांवरच्या त्या माशीला तुझ्या पुंगळीचं वजन कळतं का?"

क्लॅरीनं पुंगळी पुन्हा काट्यावर ठेवली. "तिला नाही कळणार. मला कळेल."

पण भरली त्यानं. दुसरा मार्ग होता कुठं?

रविवारी ऊन असं तापलं होतं की समोरचे कागद पाण्यात बुडाल्यासारखे हलत होते. खऱ्या माश्या तोंडावर, नाकावर, चहाच्या कपात. घंटा झाली. मर्वच्या पाच गोळ्या कधीच सुटल्या, आणि क्लॅरी अजून पुंगळ्यांकडेच बघत होता. वजनदार बाई आधी घ्यावी की शेवटी? आधी घेतली आणि बिघडलं तर पुढच्या चारही बिघडणार. शेवटी ठेवली तर चारही वेळा तिचीच आठवण. मागून डल्सी ओरडली, "अरे मार की मेल्या!" तेव्हा कुठं त्यानं दुर्बिणीला डोळा लावला. समोर माशी दिसली. श्वास धरला. पाचही गोळ्या अशा सुटल्या की त्याला स्वतःलाच नवल वाटलं. पाचवीसुद्धा!

मग गाडी जाऊन कागद घेऊन आली, आणि मंडपातली सगळी गर्दी सॉसेज हातात धरून टेबलाभोवती जमली.

सात नंबरचा, म्हणजे क्लॅरीचा, कागद कोरा होता. इस्त्री केलेल्या चादरीसारखा कोरा, माशी मजेत बसलेली.

मर्वच्या आठ नंबरच्या कागदावर दहा भोकं होती. पाच चार दिशांना पांगलेली. उरलेली पाच अशी, की माशीचं डोकं जागेवर नव्हतं आणि सगळी एका बशीखाली झाकतील एवढ्याशा जागेत.

मग असा हशा उसळला की झाडावरचे गलाह पोपट उडाले. क्लॅरीनं मान शेकली होती, मान तासली होती, भोकं कोरली होती, आणि समोरच्या कागदाचा नंबर वाचला नव्हता!

क्लॅरी हसला नाही. तो कोऱ्या कागदाकडं बघत होता. डल्सीनं त्याचा हात घट्ट धरला.

नियम सगळ्यांना पाठ होता. ज्याचा कागद, भोकं त्याची, आणि त्यातली चांगली पाच मोजायची. म्हणजे कप मर्वचा. मर्व हा कप तरुणपणापासून मागत होता, आणि आजवर त्याला साधा तिसरा नंबर मिळाला नव्हता. त्यानं कागद उचलला, लांब धरला, जवळ धरला. सही करायला पेन हातात घेतलं.

"छे," तो म्हणाला. "ही पाच माझी नाहीत. मी जन्मात असं मारलेलं नाही, साऱ्या गावाला माहीत आहे. लोक मला मेल्यावरसुद्धा हसतील. ही ह्या गाढवाची आहेत. नियमात 'स्वतःचा छेद' लिहिलंय. कुणाच्या कागदावर, ते लिहिलेलं नाही. म्हणजे बाक ह्याचंच. कप द्या तिसऱ्याला कुणाला तरी."

क्लॅरीच्या डोळ्यांत पाणी आलं. तो टेबलावर वाकला, भोकांना नाक लागेल इतका. "मर्व, ह्यातली जड पुंगळीची कुठली रे?"

सगळे वाकले. वळून वळून बघितलं. कुणालाच सांगता येईना.

"बघ," डल्सी म्हणाली. "तुझा तो वजनकाटा उद्या स्वयंपाकघरात यायला हवा."

"तू पुढच्या शनिवारपासून आठवर बस," मर्व म्हणाला. "मी सातवर येतो. तुझी बंदूक तशीही माझ्याच कागदाकडं बघते."

क्लॅरीनं मर्वचा हात दोन्ही हातांत घेतला, हलवला, पुन्हा हलवला. मग आठ नंबरच्या बाकाकडं नजर गेली आणि चेहरा जरा बदलला.

"पण मर्व, ते बाक किंचित डावीकडं झुकतं रे. मी आधी त्याचे पाय काढून, घासून, वजन करून—"

डल्सीनं त्याची कॉलर धरली आणि त्याला तसंच गाडीत नेऊन बसवलं.