हिरव्या कोटाचा उजवा खिसा

"सर, तुम्ही ट्रेलरमध्ये खोटं का बोललात?"

सभागृहात एवढी शांतता पसरली, की मागच्या रांगेतल्या कुणाच्या तरी बाटलीचं झाकण पायऱ्यांवरून टणटणत पार स्टेजपर्यंत गेलं आणि ते सगळ्यांनी ऐकलं. टकळी उभीच होती. तिच्या उजवीकडे शिडीने वहीत तोंड खुपसलं होतं. डावीकडे ढापणी चष्मा पुसत होती, जणू शेजारच्या या मुलीला तिने जन्मात पाहिलेलं नाही. पैज या दोघींचीच होती. "एवढं विचारून दाखव, आठवडाभर तुझं दप्तर आम्ही वाहू." मागच्या वर्षापर्यंत हजेरीला "हजर" म्हणतानाही टकळीला घाम फुटायचा. पण तोंड उघडलं तरी आभाळ कोसळत नाही, हा शोध तिला सहा महिन्यांपूर्वी लागला आणि तेव्हापासून तिने ते फारसं मिटलेलं नव्हतं. म्हणून तर टकळी.

स्टेजवरचे पाहुणे त्या ट्रेलरचे संकलक होते, म्हणजे अख्ख्या चित्रपटाचे तुकडे कापून दोन मिनिटांत बसवणारा माणूस. ट्रेलरमधला कॅमेरा, आवाज आणि कपडे यांवर वर्गातल्या प्रत्येकाने दोन-दोन पानं लिहून दिली होती. आज त्यातून एकाची निवड व्हायची होती. ज्याची निवड होईल त्याला सुट्टीतले दहा दिवस खऱ्या चित्रपटवाल्यांच्या हाताखाली काम. टकळीने त्या दहा दिवसांसाठी पानं चार वेळा फाडून पाचव्यांदा लिहिली होती. आणि आता पैजेपायी त्यांच्यावर पाणी सोडलं, असं वर्गाच्या बाईंच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

"कुठलं खोटं?" पाहुण्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता.

"ती बाई जात नाहीये, सर. ती परत येतेय."

त्यांनी रिमोट पुढे धरला. टकळी दोन-दोन पायऱ्या उतरून स्टेजवर गेली.

ट्रेलर सगळ्यांना पाठ होता. हिरवा कोट घातलेली बाई, पाठमोरी. दार. ते धाडकन बंद होतं. बोटीचा भोंगा. खिडकीच्या काचेमागे एक लहान मुलगी. मग धक्का, बोट, पाणीच पाणी. आई लेकराला टाकून गेली, अशी हळहळ अख्ख्या वर्गाने कागदावर ओतली होती.

"कॅमेरा बघा," टकळीने चित्र थांबवलं. "तिच्या पाठीला इतका चिकटून चालतो, की दारापलीकडे रस्ता आहे की घर, काही दिसत नाही. घर मागे राहिलं, हे आपणच ठरवून टाकतो. आणि तो चालतो कमरेच्या उंचीवरून. म्हणजे लहान मुलीच्या डोळ्यांनी. ते इतकं छान केलंय, की मी पहिल्यांदा रडले. दुसऱ्यांदाही."

कुणीतरी हसलं. तिने तिकडे लक्ष दिलं नाही.

"आता आवाज. दार आपटल्याबरोबर भोंगा वाजतो, म्हणून दार आणि बोट आपल्या मनात जोडली जातात. पण भोंग्याच्या खाली, अगदी बारीक, घड्याळाची टिकटिक आहे. मी बाबांचा कामावरचा जाडजूड हेडफोन लावून ऐकली. टिकटिक खोलीत ऐकू येते, रस्त्यावर नाही. म्हणजे दार लागलं तेव्हा ती आत होती."

पाहुणे स्टेजच्या कडेला पाय सोडून बसले, वर्गातल्या मुलासारखे.

"आणि कोट. बोटीवरचा कोट नवाकोरा आहे. दारातला कोट तोच, पण कोपरं झिजलीत, कॉलर विटलीय, उजवा खिसा लोंबतोय. कोट आधी जुना आणि मग नवा कसा होईल? बोट आधी, दार नंतर. मध्ये वर्षं गेलीत." तिचा आवाज जरा खाली आला. "त्या खिशात तिने रोज काहीतरी जड बाळगलंय. घराची किल्ली असेल. नाहीतर मुलीने कधीतरी हातात दिलेला एखादा दगड."

"आई गं," मागून शिडी पुटपुटली. तिने वहीतून तोंड केव्हाच बाहेर काढलं होतं.

"हे लपवायला आम्ही तीन आठवडे घालवले," पाहुणे म्हणाले. "पण खोटं नाही बोललो. खरं शेवटाकडून सांगितलं, एवढंच."

"चालेल," टकळीने मोठ्या मनाने सांगितलं आणि सभागृह हसलं. "एकच राहिलं, सर. तिसरं बटण. ते नंतर लावलंय, दोरा वेगळा आहे. मोबाइलवर नुसता वेगळ्या रंगाचा ठिपका दिसतो. थांबा, दाखवते."

तिने चित्र पुढे सरकवून थांबवलं. भिंतीएवढ्या पडद्यावर बटण ताटाएवढं झालं. चार भोकं होती, पण दोरा फुलीत ओवला नव्हता. एकाच भोकातून उरलेल्या तिन्ही भोकांकडे गेला होता, कावळ्याच्या पावलासारखा. खाली बटणाच्या मानेला दोऱ्याचे वेढे. एक, दोन, तीन, चार, पाच.

टकळीने मान खाली घालून स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं. तिच्या गणवेशाच्या बाहीवर तसंच एक पाऊल उमटलेलं होतं. "तुझ्या बटणांवर कावळा बसला होता का गं?" असं ढापणीने तिला मागे चिडवलं होतं, तेव्हा ती घरी येऊन आईवर चिडली होती. "इतरांसारखी फुली का नाही घालत?" आई म्हणाली होती, "असं लावलेलं बटण कापडाच्या आधी जात नाही."

आई शिलाईच्या कामाला जायची. टकळी शाळेत तेवढंच सांगायची. नाटक-सिनेमाचे कपडे शिवणारा तो कारखाना, आणि तिथे काय शिवलं ते बाहेर बोलायचं नाही असा सही करून दिलेला नियम, त्यामुळे घरातही विषय निघत नसे. गेला आठवडाभर टकळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ट्रेलर लावून बसत होती. आईने एकदाच खांद्यावरून वाकून विचारलं होतं, "हिरवा हिरवाच दिसतोय का गं? काळपट नाही ना वाटत?" आणि टकळीने म्हटलं होतं, "आई, मध्ये बोलू नकोस. मी विश्लेषण करतेय."

"पुढे?" पाहुण्यांनी विचारलं.

शिडी आणि ढापणीने एकमेकींकडे पाहिलं. टकळीची टकळी बंद पडलेली त्या सहा महिन्यांत पहिल्यांदा पाहत होत्या.

"सर," ती शेवटी म्हणाली, "हा कोट कुणी केला?"

"कपडेपटातून आला."

"पण कुणी?"

पाहुण्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "नाव मला माहीत नाही," ते म्हणाले. "माहीत असायला हवं होतं."

निवड टकळीचीच झाली. निवडीच्या कागदावर तीन चौकोन होते: कॅमेरा, आवाज, संकलन. एकावर खूण करायची, घरच्यांची सही घ्यायची आणि उद्या परत आणायचा. शाळा सुटल्यावर शिडीने तिचं दप्तर उचललं, ढापणीने डबा. "संकलनच घे," दोघी घरापर्यंत बजावत होत्या. "ते सर तर खुळावलेत तुझ्यावर."

घरी बाबा कढईचा सैल कान पिळून बसवत होते. ते लिफ्ट दुरुस्त करायचे आणि घरी आल्यावरही त्यांच्या हातातला स्क्रूड्रायव्हर सुटत नसे. आई टेबलाशी मटार सोलत होती.

"निवड झाली?" बाबांनी विचारलं.

"झाली."

"मग चेहरा असा का, दोन मजल्यांच्या मध्ये अडकल्यासारखा?"

टकळीने बाहीचं बटण आईसमोर टेबलावर टेकवलं.

"सुटलं?" आईने विचारलं.

"तुझं बटण सुटतं का कधी? कोटाचं तिसरं बटण तू लावलंस."

आईने एक शेंग सोलली, दाणे मोजल्यासारखे बघितले. मग बाबांना म्हणाली, "अहो, ट्रेलर आला म्हणजे आता बोलायला हरकत नसेल ना?" आणि त्यांच्या उत्तराची वाट न पाहता म्हणाली, "कोटही मीच केले. चारही. एक नवा आणि तीन चढत्या वयाचे."

"कोपरं कशी झिजवलीस?"

"घासून झिजवलं की खोटं दिसतं. अंगात घालून मशीनवर बसले. पाच आठवडे."

"भर उन्हाळ्यात," बाबा म्हणाले. "तरीच तुला घामोळं उठलं होतं. आणि मी उगाच साबण बदलत बसलो."

टकळी खुर्ची ओढून आईच्या अगदी समोर बसली. "आणि उजवा खिसा? त्यात काय ठेवायचीस? किल्ली? दगड?"

"बटाटे."

"काय?"

"दोन. मोठे. दगड कापडाला एकाच जागी ओढतो, शिवण बोंबलते. बटाटा अंगासरसा बसतो. त्या बाईला खिशात हात घालायची सवय आहे, असं आम्हाला दिलेल्या कागदावर होतं. म्हणून मुठीत मावतील असे निवडून घेतले. मीही येता-जाता हात घालायचे. पाचव्या आठवड्यात त्यांना कोंब आले."

बाबांनी कढई खाली ठेवली, कारण हसताना ती हातात राहीना. टकळी मात्र कपाळाला हात लावून बसली.

"मी सगळ्यांना सांगितलं, आई. तिथे मुलीने दिलेला दगड असेल म्हणून. आणि ट्रेलर बघून मी रडलेसुद्धा होते."

"मग बरोबरच सांगितलंस," आई म्हणाली. "बघणाऱ्याला तेच दिसायला हवं." आणि जरा थांबून, शेंगांकडे बघत, "रडलीस?"

"दोनदा."

आईने पुढची शेंग उचलली, पण सोलली नाही.

टकळीने दप्तरातून कागद काढला. बाबांनी लगबगीने खिशातलं पेन पुढे केलं, तर तिने त्याच्याबरोबर पट्टीही घेतली. तिसऱ्या चौकोनाखाली तिने चौथा आखला, चारही बाजू सारख्या, आणि पुढे वळणदार अक्षरात लिहिलं: कपडेपट.

"अगं, त्यांनी दिलेल्या तिनातलं एक घे," आई म्हणाली. "आमच्याकडे काय आहे? कापडाची धूळ उडते, खोकला येतो. नावसुद्धा येत नाही कुठे."

"आपल्या मनाने चौकोन काढलेला चालतो का पण?" बाबांनी विचारलं.

टकळीने त्यात ठसठशीत खूण केली, कागद दोघांच्या मधोमध सरकवला आणि सभागृहात उभी राहिली होती तशी, एक हात खुर्चीच्या पाठीवर ठेवून, उभी राहिली.

"माझं ठरलंय. सुट्टीचे दहाही दिवस मी आईच्या हाताखाली काम करणार. सरांना मी समजावेन, आणि त्यांना नाव पण सांगेन. सही दोघांनी करायची." मग टेबलाखालच्या टोपलीत वाकून तिने एक बटाटा उचलला, मुठीत धरून पाहिला, परत ठेवला आणि दुसरा घेतला. "आणि बटाटे मी निवडणार."