दर्शना गोलमध्ये

पंढरीने माईकवर टिचकी मारली तसे खाडीवरचे बगळे उडाले आणि परत तिथेच बसले. त्यांना सवय होती. कोपर गावाच्या त्या टोकाला भोंगा वाजला की एकतर कोणाची हळद असायची, नाहीतर पंढरी.

"हॅलो, हॅलो. ज्यांच्या घरात कालवण शिजतंय त्यांनी गॅस बंद करून यावं. नंतर करपलं तर मंडळ जबाबदार नाही."

देवळाच्या पायरीवर त्याची बहीण मंजुळा जवळा निवडत बसलेली. ती मान वर न करता म्हणाली, "आधी याला बंद करा रे कोणीतरी."

लोक हसले. पंढरी पण हसला, आणि हसता हसताच त्याने दुसऱ्या हातातल्या मोबाईलवर अंगठा सरकवला. टीम आली होती. त्याने नावं वरून खाली वाचली, मग खालून वर. मंजुळाची पोरगी दर्शना त्या अकरा जणींत नव्हती. तिचं नाव एक बारीक रेघ सोडून खाली होतं, बाकावर बसणाऱ्यांत.

हसू त्याच्या तोंडावर तसंच राहिलं, कपाळावर विसरलेल्या चष्म्यासारखं.

दर्शना देशाच्या फुटबॉल टीममधून लांबच्या देशात गेलेली, आशियाई स्पर्धेच्या पात्रता फेरीला. गटात चार देश, आणि जो पहिला येईल तोच पुढे. बाकीच्या तीन देशांची नावं गावात कोणाच्या जिभेवर बसेनात, म्हणून पंढरीनेच आजूबाजूच्या गावांवरून त्यांचं बारसं केलेलं. पहिल्या मॅचला ज्यांना हरवलं ते दिवा. शेवटच्या मॅचवाले वर्तकनगर. आणि आज ज्यांच्याशी गाठ होती, जे यजमान होते, उंच होते आणि हरायचं नाव घेत नव्हते, ते शहाड.

शहाड हे नाव त्याने उगाच ठेवलं नव्हतं. दर्शनाला शहाडचं स्थळ आलेलं. मुलगा बरा, घर बरं, फक्त त्यांना सुनेचे फुटलेले गुडघे चालणार नव्हते. दर्शनाचा बाप परशुराम मंडळाच्या ऑफिसात सगळ्यांसमोर बोललेला, "देशाकडून गोलमध्ये उभी राहिली तर माझं काय बोलणं नाय. पण नुसती बाकावर बसायला नेली असंल, तर आल्या आल्या शहाडला होकार." परशुरामचा शब्द म्हणजे खाडीत रोवलेला खुंट. भरती आली, ओहोटी गेली, तो तिथेच.

दिव्याच्या मॅचला दर्शना बाकावर होती. आज परत बाकावर.

मॅच कुठल्याच चॅनेलवर दिसत नव्हती. फोनवर नुसत्या तुटक ओळी यायच्या: कॉर्नर, फाऊल, शॉट अडवला. बाकी सगळं पंढरीच्या तोंडावर. मिसरूड फुटल्यापासून तो गावोगावच्या ओव्हरआर्म क्रिकेटला माईकवर बोलत आलेला. डोळे बांधले तरी हा मॅच सांगेल, असं पोरं त्याची खेचायची.

परशुराम देवळात आला नव्हता. "मना नाय ऐकाचं," म्हणून जाळं घेऊन होडीत बसला आणि खाडीत गेला. पण भोंग्याचं तोंड पंढरीने सकाळीच खाडीकडे वळवून ठेवलेलं.

"मामा, टीम आली का?" मेघालीने विचारलं. ती दर्शनाची शाळेपासूनची मैत्रीण. तिच्या हातात तिचा स्वतःचा फोन होता.

पंढरीने खाडीकडे बघितलं. उन्हात होडी एवढीशी दिसत होती, कोणीतरी पाण्यावर भुवई काढल्यासारखी. त्याने माईक तोंडाशी नेला.

"मंडळी, टीम आलेली आहे! आणि गोलमध्ये उभी आहे, पिवळा ड्रेस, हिरवे ग्लोव्हज, परशुराम आणि मंजुळा यांची मुलगी, आपली दर्शना!"

टाळ्या पडल्या. मंजुळाच्या मुठीतला जवळा सुपात सांडला. मेघालीने फोनमध्ये बघितलं, मग पंढरीकडे. पंढरीने डोळा मारला नाही. एवढ्या वर्षांत लोकांना फसवताना पहिल्यांदाच त्याने डोळा मारला नाही. मेघालीने फोन ओढणीत गुंडाळला आणि सगळ्यांच्या आधी ओरडली, "दर्शी! दर्शी!"

मॅच सुरू झाली.

"शहाडची दहा नंबर बॉल घेऊन निघालीय. काय उंची, काय उंची, आईने बांबूला पाणी घातलं का काय! एकीला कट मारला, दुसरीला मारला, आता समोर फक्त दर्शना... मारलाय! आणि दर्शनानं अडवलाय! निर्धाव चेंडू!"

"मामा, फुटबॉल आहे!"

"मग? धाव घेतली का कोणी? नाय ना? झाला निर्धाव."

फोनवर अडवणाऱ्या पोरीचं नाव वेगळं येत होतं, लांबलचक, कुठल्यातरी दूरच्या गावचं. पंढरी दरवेळी मनातल्या मनात तिला सॉरी म्हणायचा आणि तिने अडवलेला शॉट दर्शनाच्या नावावर करून टाकायचा.

ऊन चढलं तशी ओहोटी तळाला आली. खाडी मागे सरकली आणि खालचा चिखल नवीन कल्हई केलेल्या पातेल्यासारखा चमकायला लागला. जाळ्याचे दोन जुने खुंट त्यातून वर आले. पंढरी बोलता बोलता त्यांच्याकडे बघत राहिला. दोन खुंट, मध्ये मोकळी जागा. हवा थरथरत होती. त्या थरथरीत काहीतरी पिवळं हललं. लहानपणी दर्शना तिथेच लोळायची, डावीकडे उजवीकडे उड्या मारत, आणि दिवेलागणीला काळीकुट्ट होऊन घरी यायची. तिला तिकडे बॉल कोण मारायचं, हे पंढरीने कधी विचारलं नव्हतं.

आता त्याला फोन बघायची पण गरज वाटेना. खुंटांमध्ये ती उभी होती, गुडघ्यात वाकलेली, ग्लोव्हजवर थुंकून हात चोळणारी. शहाडवाल्या चिखलातून धावत येत होत्या आणि त्यांचे पाय चिखलात रुतत नव्हते. बगळे कडेला ओळीने बसलेले, तिकीट काढून आल्यासारखे. पंढरी बोलत होता आणि जे बोलत होता ते होत होतं. की जे होत होतं तेच तो बोलत होता, त्यालाही सांगता आलं नसतं.

मध्यंतराला त्याने माईक बाजूला ठेवला. मंजुळा तांब्या घेऊन आली.

"घसा सुकला असंल. पी." मग सुपाकडे जाता जाता म्हणाली, "तिला पण पिऊ दे रे जरा."

पंढरीने तिच्या तोंडाकडे बघितलं. तिथे काहीच कळत नव्हतं. आईचं तोंड होतं.

दुसऱ्या हाफला त्याच्या लक्षात आलं की पोरांच्या हातात फोन दिसत नाहीत. एकेकाने बघून घेतलेलं आणि खिशात टाकलेलं. सगळं गाव त्याच्या थापेत सामील झालेलं आणि एक जणही हसत नव्हता. उलट ओरडण्यात जोर आला होता. प्रत्येक जण खाडीकडे तोंड करून ओरडत होता.

शेवटी शेवटी फोनवर एक ओळ आली. शहाडला पेनल्टी.

पुढे काहीच येईना. पंढरीने अंगठ्याने स्क्रीन ओढली, सोडली, परत ओढली. छोटं चक्र गोल गोल फिरत राहिलं.

"मंडळी... पेनल्टी आहे," तो म्हणाला. "आता फक्त दहा नंबर आणि दर्शना. बॉल ठेवलाय. परत उचलला. परत ठेवलाय. पुसते. घाबरलीय मंडळी, बांबू घाबरलाय. दर्शना हलत नाही. दर्शना बघतेय. दहा नंबर मागे चाललीय... अजून मागे... एवढी मागे गेली की शहाडला पोचेल..."

कोणी हसलं नाही. खाली होडीत परशुराम उभा राहिला होता. वल्ह्याचं टोक पाण्याच्या वर, आणि त्यावरून पाणी ठिबकत होतं.

चक्र थांबलं. पंढरीने वाचलं, आणि मग त्याला आपलाच आवाज भोंग्यातून उलटा ऐकू आला.

"डावीकडे! डावीकडे झेपावलीय! अख्खी आडवी झालीय हवेत, बोटांच्या टोकानं, अडवलाय! दर्शनानं अडवलाय!"

बगळे उडाले आणि या वेळी परत बसले नाहीत. मेघाली रडत होती. थाप आहे हे माहीत असून रडत होती. मॅच शून्य-शून्यवर सुटली. पंढरीने उरलासुरला घसा लावून सांगून टाकलं, "शहाडवाले रिकाम्या हातानं परत! शहाडवाले परत गेले!"

माणसं पांगली. कोणाचं तरी कालवण खरंच करपलं होतं, वास येत होता. पंढरी माईक गुंडाळून खाली धक्क्यावर गेला. परशुराम होडी लावत होता. पंढरीने दोर धरला.

"दाजी, ऐकलंत ना?"

"कान हायेत मना."

"मग? उभी राहिली की नाय गोलमध्ये? सगळ्या गावाने ऐकलं. आता तुम्हाला तुमचा शब्द..."

परशुराम जाळ्यातून एक चिंबोरी सोडवत होता. नांगी अडकली होती. त्याने ती घाई न करता सोडवली.

"दर्शीचा फोन आलेला सकाळी," तो म्हणाला. "आज पण बाकावर बसवलंय बोलली. रडत होती."

पंढरीच्या हातातला दोर सैल पडला. होडी थोडी मागे गेली. परशुरामनेच पाय टेकवून ती थांबवली.

"तुम्हाला फोन केला? तुम्हाला?"

"मग कोणाला करंल? रोज करते."

पंढरीने खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं, परत घडी घालून ठेवला. लोकांना कसं बनवायचं ते त्याला पाठ होतं. आपण बनलो की काय करायचं, ते माहीत नव्हतं.

"मग काय बोललात तिला?"

"बोललो, पाणी पी. ऊन असंल तिकडे पण."

"आणि शहाड?"

परशुरामने दोर खुंटाला गुंडाळला, ओढून बघितला.

"तूच बोललास ना भोंग्यावर," तो म्हणाला. "परत गेले."

चिंबोरी त्याने पंढरीच्या हातात दिली. जाळं खांद्यावर टाकलं आणि चढण चढायला लागला. अर्ध्या वाटेत थांबला, वळला, पण पंढरीकडे बघितलं नाही. त्याची नजर खाली चिखलातल्या दोन खुंटांवर होती. तिथे आता पाणी परत यायला लागलेलं.

"रविवारी वर्तकनगरशी हाय ना?"

"हो, दाजी."

"तीच ठेव गोलमध्ये."

"ठेवतो."

"आणि पंढरी, डावीकडे एवढे बॉल नको देऊ तिला. तिकडे जरा उशिरा पडते ती. लहानपणापासून."