तोंडात धरलेली रीड
पट्टीच्या मधोमध, जिथून ती पातळ होऊ लागते तिथे, दोन खळगे होते. एकमेकांना लागून, डावा किंचित अधिक खोल. तिनं रीड दिव्यासमोर धरली. वाद्याच्या मुखाशी बसवायची ही वेताची पट्टी — टोकाशी इतकी पातळ की पलीकडचा उजेड पिवळट होऊन येतो — कोरडी राहिली तर सॅक्सोफोन चिरकतो. म्हणून आधी तोंडात धरून ओली करायची. बाबांचं तोंड मात्र कार्यक्रमाआधी भीतीनं कोरडं पडायचं, इतक्या वर्षांनंतरही. म्हणून ते काम आईचं.

दात लावायचे नाहीत, एवढा एकच नियम होता. मग हे खळगे?

"धर ना तोंडात," बाबा म्हणाले. मेकअपच्या आरशासमोर ते डोळे मिटून बसले होते. आई गेल्यानंतरचा हा पहिला कार्यक्रम, तिच्या आठवणीसाठी ठेवलेला. "ती धरायची तशी."

तिनं धरली. चव थोडी गवताची, थोडी डबीच्या पत्र्याची... दात आपोआप त्या खळग्यांवर येऊन थांबले.

बाहेर रंगमंचावर ड्रमवाले काका माइकवरून बोलत होते. "मी दर वेळी विचारायचो, वहिनी, मिठाची गुळणी धरलीय का? नुसत्या हसायच्या. इतकी शांत बाई! अशी सोबत मिळायला नशीब लागतं राव." लोक हसले.

शांत? घरी आई न उघडणाऱ्या कुलपाशीसुद्धा भांडायची. पण काकांना ती भेटायची या खोलीत, आणि या खोलीत तिच्या तोंडात रीड असायची. निरीक्षण बरोबर, निष्कर्ष चूक — ती स्वतः काम करते त्या प्रयोगशाळेत रोज कुणीतरी हे करतं.

एकदा इथेच मावशीचा फोन आला होता. दुसऱ्या दिवशी तिचं ऑपरेशन. "ताई, येशील ना गं?" — शेजारी बसलेल्या लेकीलाही ऐकू आलं. आईनं मान हलवली. फोनवर! मावशी हॅलो हॅलो करत राहिली, आई मान हलवत राहिली... मग बाबांनी हात पुढे केला आणि आईनं रीड त्यांच्या तळहातावर ठेवली. तोवर फोन कट झाला होता. बाबांनी त्या दिवशी फार सुंदर वाजवलं, असं सगळे म्हणाले. आई मावशीकडे गेली नाही. दुसऱ्या दिवशीही कार्यक्रम होता.

ही तीच रीड, असं सिद्ध करता येणार नाही. एकच नमुना, त्यावर तारीख नाही.

दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेनं तिला देऊ केलेली नोकरी अजून राखून ठेवली होती. बाबांना ते माहीत होतं. तिचं उत्तर काय, हे त्यांनी विचारलं नव्हतं. सांगू, सांगू म्हणताना आधी आईचं आजारपण आलं, मग आई गेली, मग हा कार्यक्रम...

"पुढच्या महिन्यात आणखी दोन आहेत," बाबा म्हणाले. "तू आहेस म्हटल्यावर मला काळजी नाही."

तिनं मान हलवली.

समोरच्या आरशात तिला ती मान हलताना दिसली — सावकाश, दोनदा, अगदी ओळखीची. बाबांचे डोळे मिटलेलेच होते. त्यांना काही दिसलं नव्हतं आणि काही बिघडलंही नव्हतं. तिचा जबडा आवळला गेला, वेत किंचित करकरला.

बाबांनी तळहात पुढे केला. "झाली ओली?"

तिनं रीड तोंडातून काढली.

"झाली. बाबा, मी ती नोकरी घेतेय. पुढच्या महिन्यात मी इथे नसेन."